बोरखेडीला न आलेले डांबर

नागपूरहून वर्धा रस्त्याने दक्षिणेला निघाले आणि बुटीबोरीची औद्योगिक वसाहत मागे पडली की थोड्याच वेळात बोरखेडी येते. रेल्वेचे लहानसे स्टेशन, भोवती कपाशीची आणि तुरीची शेते. या गावाचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत यायचे एरवी काही कारण नव्हते. ते आले २०११ च्या जुलैमध्ये. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात पडून असलेला सुमारे ३४६ टन विषारी कचरा बोरखेडीला नेऊन डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळावा, असा आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने दिला. भोपाळ ते नागपूर रस्ता साधारण साडेतीनशे किलोमीटरांचा. बैतूल, मुलताई, पांढुर्णा करत पोती आणि पिंपे ट्रकमधून विदर्भात उतरणार होती.

धुराचे काय, राखेचे काय, वाटेत ट्रक उलटला तर काय, असे प्रश्न नागपुरात विचारले गेले आणि ते योग्यच होते. एक प्रश्न मात्र मागे राहिला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गोम त्यातच होती. हा माल वाहतो का?

वाहणाऱ्या कचऱ्याला नळी लावता येते. तो बंद टाकीतून बंद टँकरमध्ये आणि तिथून थेट भट्टीच्या तोंडाशी नेता येतो. वाटेत कोणाचा हात त्याला लागत नाही. जो वाहत नाही त्याला फावडे लागते. फावडे आले की त्यामागे माणूस आला, धूळ आली, पोते आले, पोत्याचे फाटणे आले, आणि ते पोते कोणाच्या गावात उतरवायचे हे भांडणही आले. कारखान्यांच्या डांबरी गाळाचा दीडशे वर्षांचा इतिहास वाचत गेले तर तो बराचसा या एका गुणाभोवती फिरताना दिसतो.

हा गाळ मुळात आला दिव्यांच्या मागे. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवला की जळणारा वायू निघतो, मागे कोक उरतो, आणि मधल्या नळ्यांत काळा, उग्र वासाचा चिकटा साचतो. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये वायूचे दिवे लागले तेव्हा लोकांनी उजेड पाहिला. चिकट्याची काळजी वायूच्या कारखान्याने करायची होती. युरोपात तोवर या चिकट्याचे सोने होऊ लागले होते. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराला १८५६ मध्ये डांबरापासून मिळालेल्या रसायनातून जांभळा रंग सापडला आणि रसायनशास्त्रज्ञांची डांबराकडे पाहण्याची नजर बदलली. बेंझिन, फिनॉल, अँथ्रासीन, नॅफ्थलीन असे एकेक पदार्थ वेगळे होऊ लागले. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या म्हणजे हेच नॅफ्थलीन. त्याच्यापासून पुढे नॅफ्थॉल करता येतो. हे नाव लक्षात ठेवायला हवे, कारण भोपाळच्या पोत्यांपर्यंत जाणारी वाट इथूनच निघते.

नागपूरला डांबराचे नाते आठवते ते रस्त्यांमुळे. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद इथे भरली आणि भारताची पहिली मोठी रस्ते योजना तिथे आखली गेली. ती पुढे 'नागपूर योजना' म्हणूनच ओळखली गेली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते ही आज सरावाची झालेली वर्गवारी त्यातली. रस्त्यावर डांबराचे पिंप आडवे करून खाली लाकडे पेटवणाऱ्या मजुराला त्या अभियंत्यांइतकेच एक सत्य ठाऊक होते: गार डांबर दगड, तापलेले डांबर पाणी.

डांबर गारठ्यात किती हट्टी होते याचा एक गमतीदार पुरावा ऑस्ट्रेलियात आहे. क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल या प्राध्यापकाने १९२७ मध्ये एका काचेच्या नरसाळ्यात डांबराचा घट्ट अवशेष, म्हणजे पिच, भरून ठेवले. हातोडी मारली तर काचेसारखे फुटणारे हे पिच प्रत्यक्षात द्रव आहे, हे त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायचे होते. नरसाळ्याचे तोंड १९३० मध्ये उघडले. नववा थेंब २०१४ मध्ये पडला. त्या पिचचा दाटपणा पाण्याच्या सुमारे २३,००० कोटी पट भरला. हाच पदार्थ दोनशे अंशांच्या आसपास तापवला की पंपाने ओढता येतो आणि टँकरने पाठवता येतो. तापमान थोडे वाढले की दाटपणा अनेक पटींनी उतरतो. डांबराचा सगळा धंदा या उतरणीवर चालतो.

नागपूरच्या पूर्वेला, हावडा मार्गावरच्या भिलाईसारख्या पोलाद कारखान्यांत कोकच्या भट्ट्यांना जोडून हा धंदा रोज चालू असतो. भट्टीतून निघणारा गरम वायू पाण्याच्या फवाऱ्याने थंड करतात. त्यातून खाली आलेले मिश्रण एका लांबट हौदात निवते. वर अमोनियाचे पाणी, मध्ये डांबर, तळाला गाळ. मधले डांबर गरम नळ्यांतून पुढे जाते. तळाच्या गाळात कोळशाची भुकटी, कोकचे कण, राख आणि डांबर एकजीव झालेले असते. तो खरवडणाऱ्या पट्ट्याने हौदाबाहेर ओढून काढावा लागतो. अमेरिकेच्या घातक कचऱ्याच्या यादीत या गाळाला स्वतंत्र क्रमांक आहे. त्याचा निकाल लावण्याची जुनी आणि त्यातल्या त्यात शहाणी रीत अशी की गाळ तापवायचा, त्यात डांबराचेच हलके तेल घालायचे, चक्कीतून दळून कण बारीक करायचे, आणि वाहू लागलेले मिश्रण पंपाने नेऊन पुन्हा कोळशावर फवारायचे किंवा जाळायचे. भट्टीतून आलेले भट्टीत परत.

वाचायला हे सोपे वाटते. प्रत्येक वाटेला मात्र जकात आहे. तापवले तर नॅफ्थलीन आणि बेंझिनची वाफ उठते, म्हणजे झाकण, नळ्या आणि वाफ पकडणारी यंत्रणा आधी हवी. तेल मिसळले तर एका टनाचे दोन टन होतात आणि आगीचा धोका वाढतो. साबणासारखी द्रव्ये घालून डांबराचे बारीक थेंब पाण्यात तरंगत ठेवले तर मिश्रण थंडच वाहते, पण नंतर ते सगळे पाणी शुद्ध करत बसावे लागते. बेंझॉल धुताना किंवा जुने वंगणतेल गंधकाच्या तेजाबाने साफ करताना जो आम्लयुक्त डांबरी गाळ उरतो, तो तर नुसता ढवळला तरी गंधकाचा वायू सोडतो; त्याला आधी चुन्याने शांत करावे लागते. म्हणून कोणता गाळ कोणत्या रीतीने पातळ करायचा हे त्याच्या पोटात काय आहे ते ओळखल्याशिवाय ठरवता येत नाही. ओळख चुकली तर काय होते, याची सर्वांत महागडी शिकवणी कॅनडाने घेतली.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात सिडनी नावाचे बंदर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे पोलादाचा कारखाना आणि कोकच्या भट्ट्या होत्या. भट्ट्यांचा मळ मगा नावाच्या खाडीत उतरत राहिला. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत खाडीच्या दोन तळ्यांत सुमारे ७ लाख टन काळा गाळ साचला आणि त्यांचे नाव 'टार पाँड्स' पडले. १९८२ मध्ये बंदराच्या त्या भागातली शेवंड्यांची मासेमारी बंद करावी लागली. १९८६ मध्ये केंद्र आणि प्रांत सरकारांनी ठरवले की तळ्यांतला गाळ यंत्राने उपसायचा, नळीतून पंपाने भट्टीपर्यंत न्यायचा आणि जाळायचा. कागदावर ही योजना चोख होती. माणसाचा हात लागत नव्हता, पोती नव्हती, ट्रक नव्हते. भट्टी आधी बांधून झाली.

नळी मात्र तुंबली. तळ्यात नुसते डांबर नव्हते; त्यात भट्टीची मळी, कोकचे तुकडे, शहराचा मैला आणि दशकांचा केरकचरा होता. वर सैल वाटणारा गाळ खाली घट्ट होत गेला होता. पंप त्याला रेटू शकेना. भरीत भर, गाळाच्या काही भागात पीसीबी ही क्लोरीनयुक्त तेले अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. ती जाळायला जे तापमान लागते त्यासाठी ती भट्टी बांधलेलीच नव्हती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर योजना सोडून दिली गेली, तोवर ५ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता. मग दहा वर्षे समित्या, सभा, अहवाल. २००४ मध्ये ४० कोटी डॉलरची नवी योजना आली आणि तिने उलटी दिशा धरली. वाहते करण्याचा नाद सोडून गाळ जागेवरच सिमेंटमध्ये कालवून दगड करायचा, वर झाकण घालायचे. २०१३ मध्ये त्या जागेवर बाग उघडली. ज्यांच्या परसातली माती काळी झाली होती त्यांना ही बाग पुरेशी वाटली का, हा प्रश्न वेगळा. अभियांत्रिकीच्या बाजूने पाहिले तर आधी भट्टी बांधून मग गाळ वाहतो का ते तपासण्याचा उलटा क्रम सिडनीला भोवला.

आता भोपाळ. युनियन कार्बाइड इंडियाचा हा कारखाना १९६९ पासून जुन्या भोपाळच्या उत्तरेला काली परेडच्या मैदानावर उभा होता. त्याचे मुख्य उत्पादन सेव्हिन, म्हणजे कार्बारिल हे कीटकनाशक. मूळ अमेरिकी कंपनीने ते १९५८ मध्ये बाजारात आणले होते. कापसावरच्या किडींसाठीही ते वापरले जाई. कृतीचा शेवट असा: नॅफ्थॉल आणि मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे ज्याला पुढे सगळे जग 'मिक' म्हणून ओळखू लागले तो वायू, एकत्र आणायचे की सेव्हिन तयार. नॅफ्थॉल भोपाळमध्येच करण्याचा विभागही कंपनीने उभारला होता. तो धड चालला नाही आणि नॅफ्थॉल बाहेरून आणावा लागला. प्रत्येक पायरीवर जे बनायला नको तेही बनत असे. ते गडद, चिकट, न सुटणारे अवशेष कारखान्याच्या कागदांत 'नॅफ्थॉल टार' आणि 'सेव्हिन टार' या नावांनी आहेत. वायूच्या दिव्यांमागच्या त्या जुन्या चिकट्याचे हे पणतू म्हणायला हरकत नाही. पातळ सांडपाण्यासाठी १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला बाष्पीभवनाची मोठी तळी खोदली गेली. घट्ट माल आवारातच इकडेतिकडे पडत राहिला.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री एका टाकीतून मिक सुटून शहराचे काय झाले ते नव्याने सांगायला नको. त्यानंतर दोन आठवड्यांनी कारखाना एकदा पुन्हा चालला, हे मात्र अनेकांना आठवत नाही. दुसऱ्या टाकीत मिक शिल्लक होता. त्याचे काय करायचे यावर डॉ. वरदराजन यांच्या नेतृत्वाखालच्या शास्त्रज्ञांनी ठरवले की तो नॅफ्थॉलशी मिसळून सेव्हिन करून टाकणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग. १६ डिसेंबरला 'ऑपरेशन फेथ' सुरू झाले. त्याआधी भोपाळची लाखो माणसे पुन्हा शहर सोडून गेली होती. टाकी रिकामी झाली आणि कारखाना कायमचा थांबला. कचरा होता तिथेच राहिला.

इथे दाटपणाचा प्रश्न पुन्हा येतो, आणि या वेळी जास्त वाईट रूपात. नॅफ्थलीन ८० अंशांला वितळते, नॅफ्थॉल ९६ ला, कार्बारिल १४२ च्या आसपास. म्हणजे यांचे मिश्रण भोपाळच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात फार तर चिकट होणार, पावसात मातीत लडबडणार, हिवाळ्यात पुन्हा कडक होणार. असे वीस उन्हाळे गेले की डांबर आणि माती वेगळी ओळखू येत नाही. मग तापवून पातळ का करू नये? कोक कारखान्यात जी रीत शहाणी, ती इथे घातक. सेव्हिन पुरेसे तापवले की त्याच्या घडणीचा प्रवास उलटा सुरू होतो. एकीकडे नॅफ्थॉल सुटतो, दुसरीकडे मिक. ज्या वायूने ते शहर मारले, तो त्या अवशेषांत कुलूपबंद होता आणि मंद आच ही त्याची किल्ली होती. मोठ्या भट्टीच्या अकराशे अंशांत मिक टिकत नाही, जळून जातो. धोका मधल्या टप्प्यात, डांबर वितळवण्याच्या तापमानात. सेव्हिनचे डांबर कढईत घालून पंपाजोगे करण्याची वाट त्यामुळे बंद होती. तेलात विरघळवावे तर ३४६ टनांत निम्मी माती. ती तळाला बसून सिडनीची नळी भोपाळला तुंबली असती. फावडे उरले.

या सगळ्याचे मोजमाप करणारी संस्था नागपुरातच होती. १९५८ मध्ये, म्हणजे सेव्हिन जगाच्या बाजारात आले त्याच वर्षी, नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. पिण्याचे पाणी, मैला, रोगराई हे तिचे विषय. १९७४ मध्ये तिचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झाले, आणि नागपूरकर तिला नीरी म्हणू लागले. भोपाळच्या आवारातल्या मातीची आणि भोवतालच्या पाण्याची तपासणी कारखाना बंद झाल्यावर नीरीकडे आली. १९९७ च्या अहवालात नीरीने आवारातल्या मातीत ठिकठिकाणी विष असल्याचे नोंदवले. मात्र खालची चिकणमाती पाहता ते भूजलापर्यंत उतरायला दोन दशकांहून जास्त काळ लागेल असा अंदाज बांधला. तो अंदाज कंपनीच्या स्वतःच्या सल्लागारांनाही फार आशावादी वाटला होता. आरोपीच्या पक्षाने तपासणाऱ्यापेक्षा जास्त घाबरावे, असा प्रकार क्वचित घडतो. १९९९ मध्ये ग्रीनपीसने आसपासच्या विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यात क्लोरीनयुक्त रसायने दाखवून दिली. वस्त्यांमधले हातपंप लाल रंगाने रंगवण्याची वेळ आली.

नीरीला इथे नुसता दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. चिकणमातीतून पाणी किती वेगाने झिरपते याचे गणित तिने पुस्तकाप्रमाणे केले. गणितात गृहीत होती अखंड माती. प्रत्यक्षात जमीन पुरलेल्या कचऱ्याने, खोदलेल्या विहिरींनी आणि गळक्या तळ्यांनी पोखरलेली होती.

१९९८ मध्ये कंपनीने जमिनीचा भाडेपट्टा राज्य सरकारला परत केला, आणि कचऱ्याचा मालक कोण हा वाद न्यायालयात गेला. २००५ मध्ये आवारात उघड्यावर पडलेला माल गोळा करून पोत्यांत आणि पिंपांत भरला गेला आणि कारखान्याच्याच एका गोदामात रचला. जवळपास ४० टन चुन्याचा गाळ वेगळा काढून २००८ मध्ये इंदूरजवळच्या पिथमपूरला जमिनीत गाडला. उरलेला, जाळण्याजोगा, ३४६ टन. त्यात सेव्हिनचे आणि नॅफ्थॉलचे अवशेष, रासायनिक प्रक्रियेच्या पात्रांतला खरवडलेला मळ, अर्धवट बनलेली कीटकनाशके आणि खणून काढलेली माती होती.

पहिली पाळी गुजरातची. अंकलेश्वरच्या भट्टीत जाळायचे ठरले, राज्याने होकार दिला, विरोध वाढला, होकार मागे घेतला. मग जुलै २०११ मध्ये बोरखेडी.

नागपूरने का नाकारले? भट्टी संरक्षण खात्याच्या संशोधनासाठीची. नगरांचा किंवा उद्योगांचा असा कचरा जाळण्याचा अनुभव तिच्या नावावर नव्हता. या कचऱ्याची थोडीशी मात्रा जाळून धूर मोजण्याची चाचणीही झाली नव्हती. विदर्भातल्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात प्रश्न लावून धरला, राज्य सरकारने हा कचरा येऊ देणार नाही अशी भूमिका घेतली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे याचिका आली, आणि ट्रक निघालेच नाहीत. जबलपूरच्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा आदेश आणि नागपूरच्या खंडपीठाची सुनावणी अशा पेचात केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयाच्या दारात उभे राहिले.

मला नागपूरचा नकार तर्काला धरून वाटतो, आणि तरी त्यात एक विसंगती दिसते. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख हे शहर दशकानुदशके अंगावर घेत आले. घातक औद्योगिक कचऱ्याची सामायिक सुविधा त्याच बुटीबोरीत उभी आहे. भोपाळ हे नाव जोडले गेले नसते तर साडेतीनशे टन हा आकडा कोणी वाचलाही नसता. पण लोकांनी कागदावरच्या आकड्याऐवजी नावावर विश्वास ठेवला, यात त्यांचा दोष काय? आकडे देणाऱ्यांनी भोपाळमध्ये १९८४ च्या आधीही आकडेच दिले होते.

नागपूरनंतर प्रकरण थेट परदेशात गेले. २०१२ मध्ये पी. चिदंबरम यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिगटाने जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेमार्फत कचरा विमानाने हॅम्बुर्गला पाठवून जाळायचा बेत मंजूर केला. खर्च सुमारे २५ कोटी, म्हणजे किलोला सातशे रुपयांच्या वर. हॅम्बुर्गमध्येही तोच विरोध झाला जो नागपुरात झाला होता, आणि सप्टेंबरमध्ये जर्मन संस्थेने अंग काढून घेतले. बोरखेडी आणि हॅम्बुर्ग यांच्यात बाकी काही साम्य नसेल, हे एक आहे.

शेवटी पिथमपूर. तिथे आधी केरळातल्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा तशाच जातीचा १० टन कचरा जाळून पाहिला, मग सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ऑगस्ट २०१५ मध्ये भोपाळचा १० टन. निकाल प्रमाणात आले असे सांगितले गेले. तरी उरलेला माल गोदामात आणखी नऊ वर्षे पडून होता. ३ डिसेंबर २०२४ ला, दुर्घटनेला चाळीस वर्षे झाली त्या दिवशी, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातली आणि यंत्रणा हलली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ बंद कंटेनरांतून ३३७ टन कचरा सुमारे अडीचशे किलोमीटर दूर पिथमपूरला निघाला. रस्ता मोकळा ठेवला होता, मागेपुढे पोलीस होते. दोन दिवसांनी पिथमपुरात निदर्शने भडकली, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. फेब्रुवारीअखेर सर्वोच्च न्यायालयाने चाचणी थांबवायला नकार दिला. ज्या तज्ज्ञ संस्थांच्या मतावर हा निर्णय टेकला होता त्यांत नागपूरची नीरी होती.

प्रत्यक्ष जाळणे कसे झाले हे पाहिले की दाटपणाचा मुद्दा डोळ्यांसमोर उभा राहतो. माल नळीतून गेला नाही. कंटेनर उघडून कचरा छोट्या पिशव्यांत भरायचा, त्यात चुना मिसळायचा, आणि पिशव्या ठरावीक अंतराने भट्टीत सोडायच्या. मुखवटे आणि संरक्षक पोशाख घातलेली माणसे हे हाताने करत होती. पहिल्या चाचणीत वेग ताशी १३५ किलो, दुसरीत १८०, तिसरीत २७०. प्रत्येकी १० टन. त्यानंतर ५ मेपासून उरलेला ३०७ टन कचरा ताशी २७० किलोने रात्रंदिवस जळत राहिला आणि जूनच्या अखेरीस संपला. या वेगाने ३०७ टनांना सत्तेचाळीसहून जास्त अखंड दिवस लागतात. पंपाने जाणारा गाळ असता तर तीच भट्टी सलग, मोजून-मापून पाजता आली असती आणि पिशव्या भरणारी माणसे भट्टीपासून दूर राहिली असती. केंद्राने या कामासाठी १२६ कोटी रुपये दिले होते. भागाकार केला तर किलोला साडेतीन हजारांच्या वर, हॅम्बुर्गच्या विमानाच्या पाचपट.

चुना आणि इतर द्रव्ये मिसळल्यामुळे ३३७ टनांतून आठशे टनांहून जास्त राख आणि अवशेष उरले. ते पिथमपुरातच साठवले गेले, आणि कुठे गाडायचे यावरून वाद पुन्हा न्यायालयात गेला.

भोपाळच्या आवारात जे राहिले त्याचा हिशेब नीरीने हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेबरोबर २०१० मध्ये मांडला होता: दूषित माती सुमारे ११ लाख टन. जाळलेल्या कचऱ्याच्या तीन हजार पटींहून जास्त. नीरीने सुचवले होते की दूषित भूजल उपसून शुद्ध करावे आणि माती आवारातच सुरक्षित भराव करून गाडावी. दुसऱ्या सूचनेवर पुढच्या तज्ज्ञ समितीने आक्षेप घेतले. डांबर मातीत मुरले आहे, त्यामुळे तापवणे, विरघळवणे, वाहते करणे हे तिन्ही पर्याय आता मातीच्या वजनासकट मोजावे लागतात, आणि त्या वजनाला पुरेल अशी भट्टी बोरखेडीत नव्हती, पिथमपुरातही नाही.